तेवीस सालचा खळगा

नेव्हशी माझं लग्न झालं तेव्हा त्याच्या सामानात एक सूट, एक मासे धरायची काठी आणि एक निळा पुठ्ठा होता. सूट केव्हाच कसरीने खाल्ला, काठी मुलाने नेली. पुठ्ठा अजून आहे.

तीन घड्यांचा जाड पुठ्ठा. आत गोल गोल खळगे, प्रत्येक खळग्याखाली एक साल छापलेलं. ज्या सालचं अर्ध्या पेनीचं नाणं हाती लागेल ते त्या सालच्या खळग्यात अंगठ्याने दाबून बसवायची. एवढंच. नेव्हच्या आईचं इथे ऑस्ट्रेलियात, माउंट गॅम्बियरच्या मोठ्या रस्त्यावर दुधाचं न् गोळ्याबिस्किटांचं दुकान होतं. शाळेतून आला की पोरगं गल्ला पालथा घालून सालं बघत बसायचं. पुढे डॉलर आले, पेन्या गेल्या, दुकान गेलं, सासूबाई गेल्या. सगळे खळगे तेवढे भरलेले राहिले, एक सोडून. १९२३. त्या साली अर्ध्या पेन्या फारच थोड्या निघाल्या म्हणे, आणि त्यातली एकही आमच्या सासूबाईंच्या गल्ल्यात यायला तयार झाली नाही.

मला नाण्यांचं काही पडलेलं नाही. मी ती खर्च करते.

गेल्या वर्षी ईस्टरच्या सुमारास नेव्ह चहा पिता पिता माझ्याकडे बघत म्हणाला, "ग्लेनिस, तुझं नाक कुठे गेलं?" मला वाटलं, झाला याचा चावटपणा सुरू. पण तो हसत नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. इंजेक्शनं देऊ, जरा धीमं होईल, पण थांबणार नाही. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल. म्हणजे ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच दिसायचं नाही. तेव्हापासून तो कोंबडी दाणा बघते तशी मान तिरकी करून बघतो. पुढच्या उन्हाळ्यानंतर, म्हणजे आमच्याकडे फेब्रुवारीनंतर, वाचणं बंद होईल, असंही बाई म्हणाल्या.

परतताना गाडीत त्याने मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "पुठ्ठा भरलेला बघायचाय मला. एकदाच. मग जाऊ देत डोळे."

 गाडी चालवत होते म्हणून, नाहीतर रडलेच असते.

विकत घ्यायचं ठरलं. आता अशी नाणी मिळतात ती इंटरनेटवर, आणि तिथे खऱ्यापेक्षा खोटीच जास्त. म्हणून मॅल आला. मॅल आमच्या गावच्या नाणीमंडळाचा अध्यक्ष. लाकडाच्या गिरणीत नेव्ह करवतीवर होता आणि मॅल करवतींना धार लावायचा. जन्मभर हातात कानस. बायको नाही, कुत्रा नाही, खिशात भिंग आहे. दर गुरुवारी दुपारी तो आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसतो, माझे गरम स्कोन जॅम लावून खातो आणि जगात कोणावर विश्वास ठेवू नये ते सांगतो.

मंडळात एक रीत आहे. बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात फसलेल्यांची नाणी. जो फसेल त्याने भरल्या बैठकीत उभं राहून कसा फसलो ते सांगायचं, नाणं डब्यात टाकायचं, आणि पुढच्या बैठकीला स्वतःच्या हाताने स्पंज केक करून आणायचा. एकाचं ऐकून दुसरा शहाणा व्हावा म्हणून. डब्यात सगळ्यांची हजेरी आहे, नेव्हची तर दोनदा. फक्त मॅलचं नाणं कधी पडलं नाही. त्याने आयुष्यात केक केलेला नाही, आणि हे तो दर बैठकीला कोणाला ना कोणाला ऐकवतोच.

तर गुरुवारी टॅबलेट मधे ठेवून दोघं बसायचे. नेव्ह मान तिरकी करून, मॅल चष्मा कपाळावर ढकलून.

"हे बघ, आजोबांच्या ट्रंकेत सापडलं म्हणतोय," नेव्ह म्हणायचा. "नाण्यातलं आपल्याला काही कळत नाही, असं लिहिलंय बिचाऱ्याने."

"काही कळत नाही, पण साल बरं नेमकं कळलं," मॅल म्हणायचा. "त्याला सांग, एका चिठ्ठीवर 'नेव्ह' असं लिही, नाण्याशेजारी ठेव आणि फोटो पाठव. नाणं हातात असलं तर पाठवेल."

नेव्हने सांगितलं. आजोबा, ट्रंक आणि नातू तिघंही गायब झाले.

एकदा फोटो झकास होता. मॅलने नाण्यावरच्या राजाच्या दाढीजवळचा एक ओरखडा पकडला आणि दुसऱ्या कुठल्या तरी जुन्या लिलावातला तोच फोटो, तोच ओरखडा शोधून काढला. फोटो चोरलेला. आणखी एकीने लिहिलं, साइटवरून नको, पैसे परस्पर पाठवा, स्वस्तात देते. "हिच्या स्वस्तातच सगळं आलं," मॅल म्हणाला आणि तिसरा स्कोन उचलला. मलाही ते पटायचं, खोटं कशाला बोलू. माणूस खडूस, पण आमचं नुकसान टाळत होता.

ऑगस्टात साइटवर बॅलारॅट गावचं एक नाणं विकायला आलं. विकणारा दुकानदार, दुकान वर्षानुवर्षांचं. दोन्ही बाजूंचे फोटो, कडेचा फोटो, वजन लिहिलेलं, नाही पटलं तर परत घ्यायची हमी. चिठ्ठीवर नेव्हचं नाव लिहून त्याने तासाभरात फोटोही पाठवला. नेव्हचे कान लाल झाले. आनंद झाला की त्याचे कान लाल होतात. लग्नाच्या फोटोतही आहेत.

मॅलने फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. मग मागे टेकला.

"तीनची शेपटी बघ."

"काय झालं तिला?"

"बाहेर राहिलीय. तेवीसच्या तीनची शेपटी आत वळते. गोल. नाही पटत मला."

"अरे, वजन बरोबर आहे. कड बरोबर आहे. माणूस परत घ्यायला तयार आहे!"

"शेपटी, नेव्ह."

"पुस्तकात बघू या का एकदा?"

"पुस्तकात काय बघायचंय? मला माहितीय ना."

नेव्हने टॅबलेट पालथा घातला. मॅलच्या शब्दाबाहेर मंडळात कोणी नाणं घेत नाही, आणि नेव्ह तर नाहीच नाही. पुढच्या गुरुवारपर्यंत ते विकलं गेलं होतं. सप्टेंबरच्या बैठकीत कोणीतरी बातमी आणली की बॅलारॅटचं ते नाणं ज्याने घेतलं त्याने मेलबर्नच्या एका जाणकाराकडून तपासून घेतलं, आणि ते अस्सल निघालं.

"जाणकारही चुकतात," मॅल म्हणाला.

 घरी येऊन नेव्हने चहा कपाच्या बाहेर ओतला, कारण कप त्याने ज्या जागी बघितला त्या जागी नव्हता. मी ओटा पुसला आणि मनात मॅलला अशा शिव्या घातल्या की गिरणीतल्यांनीही ऐकल्या नसतील.

मग मी माझी अक्कल चालवली. ऑक्टोबरात दवाखान्यात नेव्ह इंजेक्शनसाठी आत गेला होता, मी बाहेर बसून फोनवर शोधलं. मिळालं. पाच चांदण्या होत्या त्या माणसाला, हजारो लोकांनी छान छान म्हटलेलं. ते चहाच्या गाळण्या आणि मोबाइलची कव्हरं घेणाऱ्यांनी म्हटलंय हे कोण वाचतं? शेपटीबिपटी मी बघितली नाही. किंमत जरा कमी वाटली, तर म्हटलं चला, नशीब उघडलं. घेऊन टाकलं.

पाकीट आलं तेव्हा नोव्हेंबर होता. गावच्या टेकडीवरचं तळं दरवर्षीसारखं नुकतंच करड्याचं निळं झालं होतं आणि नेव्ह ते बघायला पायी वर गेला होता. एवढा मोठा निळा रंग त्याला अजून कडेने दिसायचा. मी मॅलला फोन करून बोलावलं. म्हटलं, आता बघच तू.

मॅलने नाणं तळहातावर घेतलं. भिंग काढलंही नाही. उठून फ्रिजपाशी गेला. फ्रिजवर मुलाने आणलेला शेवंडीच्या, म्हणजे लॉबस्टरच्या, आकाराचा लोहचुंबक आहे. मॅलने ते नुसतं जवळ नेलं आणि नाण्याने टुणकन उडी मारून शेवंडीला मिठी मारली.

"लोखंड आहे, ग्लेनिस. वर मुलामा. खरं ब्राँझचं असतं, चिकटत नाही."

माझं तोंड पडलं. पैसे गेल्याचं नव्हतं मला, खरंच नव्हतं. मला वाटलं, आता नेव्हला काय दाखवू? तळं बघून येईल तो खुशीत.

"त्याला दिसत नाहीये नीट," मी म्हणाले. "दाबून देऊ खळग्यात. तू फक्त गप्प बस."

"मी?" मॅल म्हणाला. "खोट्याबद्दल गप्प बसू?"

"मग आण ना तू खरं! इतके महिने नुसतं हे नको, ते नको. तुझ्याकडे तरी आहे का?"

"आहे की."

मी खुर्ची ओढून बसले. "काय आहे?"

"तेवीसची अर्धी पेनी. मंडळात सगळ्यांना माहितीय. बँकेच्या लॉकरमधे आहे."

"आणि नेव्हला माहितीय?"

"माहितीय ना. त्यानेच तर अभिनंदनाचा केक खाऊ घातला होता मी घेतली तेव्हा."

"मग अरे बाबा, ती आणून त्याला दाखवायचं नाही का सुचलं तुला? ईस्टरपासून इथे बसून माझे स्कोन खातोयस!"

मॅल माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी त्याला दुसऱ्याची कवळी लावायला सांगितली. "पण ती माझी आहे," तो म्हणाला. "दुसऱ्याचं नाणं आपल्या पुठ्ठ्यात? तसं कोणी करत नाही."

नेव्हनेही कधी मागितलं नव्हतं. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पुरुषांना नाणी गोळा करायला शिकवतं कोण देव जाणे, पण त्यात कुठेतरी एक स्क्रू काढून ठेवतात.

"कोणी करत नाही ना? मग तू कर," मी म्हणाले.

आणि त्याने केलं. पुढच्या गुरुवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. खिशातून एक छोटं चौकोनी पुठ्ठ्याचं पाकीट काढलं, मधे पारदर्शक खिडकी, चारी बाजूंनी पिना मारलेल्या. त्या पिना गंजल्या होत्या. ॲडलेडच्या दुकानदाराने नाणं विकताना मारल्या तेव्हापासून निघाल्याच नव्हत्या. मॅलने माझी छोटी कात्री मागितली आणि एकेक पीन उचकटली.  मला पहिल्यांदा त्याची माया आली. एवढा खडूस माणूस, पण मित्रासाठी आपल्या जिवाचा तुकडा उघडा करत होता.

नेव्हने पुठ्ठा पसरला. मी पडदे सारून ऊन आत घेतलं. मॅलने नाणं कडेने धरून दिलं, नेव्हने कडेने धरून घेतलं. नाण्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही, हा या लोकांचा पहिला धडा. बोटाचा घाम लागला की डाग पडतो. नेव्हने मान तिरकी केली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख सरळ सालाच्या आकड्यावर ठेवलं.

"अरे, काय करतोस!" मॅल किंचाळला.

"बघतोय," नेव्ह म्हणाला. "असंच दिसतं मला आता."

नख हळूहळू फिरलं. एकावरून, नवावरून, दोनावरून. तीनच्या अलीकडे थांबलं. मागे गेलं, पुन्हा आलं, पुन्हा थांबलं. त्याचे कान लाल झाले नाहीत.

"ढकल ना आत," मॅल म्हणाला. आवाज अगदी हळू होता. "ढकल, लेका. चहा होईपर्यंत राहू दे तिथेच."

 मी नेव्हच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, काहीही असो, ढकल रे बाबा, आपण सगळे सुखी होऊ. त्याने नाणं मॅलच्या हातात परत ठेवलं.

"तूच नख फिरव, मॅल. तीनच्या डाव्या बाजूला."

मॅलने फिरवलं. एकदाच. जन्मभर कानस चालवलेला माणूस, त्याला दुसऱ्यांदा फिरवायची गरज नव्हती. तिथलं तांबूस ब्राँझ कोणीतरी घासून खाली नेलं होतं. मूळचा आठ होता तिथे. अठ्ठावीस सालची चारचौघींसारखी अर्धी पेनी, तिच्या आठाचा, डावी बाजू घासून काढून, तीन केलेला. म्हणूनच त्या तीनची शेपटी आत वळत होती, गोल, आठासारखी.

किटली शिटी मारायला लागली, ती मी बंद केली.

"बॅलारॅट," मॅल म्हणाला.

"हो," नेव्ह म्हणाला.

बस, एवढंच बोलले ते. ऑगस्टपासून साठवलेला राग मी आता बाहेर काढायला हवा होता. शब्दही तयार होते. पण त्या माणसाकडे बघवत नव्हतं. आपल्याकडे खरं आहे या भरवशावर त्याने जगातली सगळी नाणी त्याच्याशी ताडून बघितली होती, आणि त्यालाच कधी ताडून बघितलं नव्हतं. काचेआडची वस्तू, तिला हात लावायची मनाई. मी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि स्कोनला जॅम जरा जास्त लावला. नेव्ह हात पुढे करून टेबलावर चाचपडला, मॅलचं मनगट सापडलं तसं ते धरून बसला.

डिसेंबरच्या बैठकीत मी पहिल्यांदा गेले. आधी मी उभी राहिले आणि शेवंडीची गोष्ट सांगितली. लोक खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसले. मग मॅल उठला. त्याने काही लपवलं नाही. ॲडलेड सांगितलं, लॉकर सांगितलं, बॅलारॅट सांगितलं. "माझ्यामुळे नेव्हचा पुठ्ठा त्याचे डोळे असताना भरला नाही," हेही सांगितलं. नाणं डब्यात पडलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण चहाच्या वेळी एकेक जण येऊन त्याच्या खांद्यावर थाप मारून गेला.

जानेवारीत त्याने केक आणला. टायरच्या रबरासारखा होता. आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

गुरुवार चालूच राहिले. फक्त बसण्याची तऱ्हा बदलली. मॅल आता मोठ्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक घेऊन यायचा, पडद्यावर जे दिसेल ते पुस्तकाशी ताडून नेव्हला वाचून दाखवायचा आणि मत विचारलं तर नाही म्हणून मान हलवायचा. "मी फक्त डोळे. ठरवायचं तू." नेव्हचं मधलं सगळं गेलं होतं तोवर. पुठ्ठा मांडीवर घेऊन तो बोटाने ओळी मोजत बसायचा आणि मोकळ्या खळग्यात बोट ठेवायचा. तेवढा एकच त्याला न चुकता सापडायचा.

मार्चात लॉन्सेस्टनच्या एका दुकानदाराचं नाणं विकायला आलं.

"शेपटी?" नेव्हने विचारलं.

"बाहेर."

"शेजारी कुठे घासल्यासारखं?"

"फोटोत नाही. हातात आल्याशिवाय सांगणार नाही."

"चिठ्ठी?"

"तुझं नाव आहे. स्पेलिंग चुकलंय, पण आहे."

"परत घेतो?"

"चौदा दिवसांत. लिहून दिलंय."

"घे," नेव्ह म्हणाला.

नाणं आलं तेव्हा मॅलने ते आधी शेवंडीला दाखवलं, मग वजन केलं, मग पुस्तक उघडून तासभर भिंगातून बघितलं. मग काही न बोलता नेव्हच्या हातात दिलं. नेव्हने नख ठेवलं. एकावरून, नवावरून, दोनावरून, तीनवरून ते सरळ कडेपर्यंत गेलं, कुठे अडलं नाही की उतरलं नाही. त्याचे कान लाल झाले.

त्याने मोकळा खळगा शोधला आणि अंगठ्याने दाबलं. बारीकसा आवाज झाला.

 ज्याने एवढं बघायचं म्हटलं होतं त्याच्या डोळ्यांसमोर नुसता करडा गोळा होता. मॅल खिडकीबाहेर बघत नाक पुसत होता.

"नेव्ह," मी म्हणाले, "काही दिसतंय का रे?"

 त्याची बोटं पुठ्ठ्यावरून फिरत होती, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत, मग परत पहिलीकडे. एक घडी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मग तो माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा बाजूला बघून हसला.

"अगं ग्लेनिस," तो म्हणाला, "खळगाच सापडत नाहीये मला."